बँकेतले नाण्यांचे रोल उघडून चांदी शोधणे: हाफ डॉलर की डाईम? कड, वजन आणि परत भरण्याचे प्रश्न

चवली_पावली

मंडळी, अमेरिकेतल्या बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांचे रोल आणायचे, चांदीची नाणी वेचायची आणि बाकीची परत भरायची, या उद्योगाबद्दल विचारायचं आहे. मूळ हिशेब ठाऊक आहे: १९६४ पर्यंतची डाईम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) ९० टक्के चांदीची, १९६५ ते १९७० चे हाफ डॉलर ४० टक्के, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली निकेल (५ सेंट) ३५ टक्के. घोडं अडतंय ते त्याच्या पुढे.

१. बॉक्स (पन्नास रोलचा खोका) मागवायचा तर हाफ डॉलरचा की डाईमचा? की बॉक्सच्या भानगडीत पडूच नये?

२. ४० टक्क्यांचे हाफ डॉलर कडेवरून नीट कळत नाहीत. काहींची कड धड तांबडी नाही, धड पांढरी नाही. माझ्याकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आहे. त्यावर एखादं नाणं ११.४० भरलं तर काय समजायचं?

३. १७७६–१९७६ असं दुहेरी साल असलेली नाणी बाजूला काढावीत का?

४. उरलेली हजारेक नाणी परत कुठे आणि कशी भरायची, म्हणजे बँकवाले वैतागणार नाहीत?

"नशिबाचा खेळ आहे" हे मान्यच आहे, तेवढं सोडून बोला.

ढब्बू_पैसा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चांदी तिथेच हातातून निसटते.

हाफ डॉलरसाठी वजनकाटा बाजूला ठेवा. ४० टक्क्यांचं नाणं ११.५० ग्रॅमचं, १९७१ पासूनचं साधं नाणं ११.३४ ग्रॅमचं. फरक ०.१६ ग्रॅम. टांकसाळीला प्रत्येक नाण्याच्या वजनात जी मुभा असते तीच याच्यापेक्षा जास्त, वर पन्नास-साठ वर्षांची झीज आणि मळ. त्यामुळे ११.४० भरलेलं नाणं दोन्हीपैकी काहीही असू शकतं. वजनकाटा ९० टक्क्यांसाठी कामाचा: हाफ १२.५०, क्वार्टर ६.२५ विरुद्ध साधं ५.६७, डाईम २.५० विरुद्ध २.२७. झिजून गुळगुळीत झालेलं चांदीचं क्वार्टरसुद्धा सहसा साध्यापेक्षा जडच भरतं.

४० टक्क्यांसाठी साल वाचायचं, दुसरा मार्ग नाही. १९६५ ते १९६९ या सालांचा चलनात आलेला प्रत्येक हाफ डॉलर ४० टक्क्यांचा आहे, सरसकट. १९७० ची गोष्ट वेगळी. त्या साली चलनासाठी हाफ डॉलर पाडलेच नाहीत. 'डी' अक्षराची (हे अक्षर टांकसाळ कुठली ते सांगतं) नाणी फक्त मिंट सेटमध्ये (टांकसाळीने संग्राहकांना विकलेल्या संचात) आली, 'एस' अक्षराची प्रूफ सेटमध्ये (खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांच्या संचात), आणि दोन्ही ४० टक्क्यांचीच. कोणीतरी सेट फोडून खर्च केला तरच ती रोलमध्ये येतात. १९७०-डी मिळाला तर बाकीच्यांत मिसळू नका. फक्त साडेएकवीस लाख पाडले गेले होते, त्यामुळे चांदीच्या भावाच्या वर किंमत मिळते.

आता कड गोंधळात का टाकते ते. १९६५–७० चं नाणंसुद्धा तीन थरांचंच आहे. बाहेरच्या दोन थरांत ८० टक्के चांदी, आतल्या गाभ्यात जेमतेम २१ टक्के, बाकी सगळं तांबं. म्हणजे गाभ्यात तांबं भरपूर असतं, पण चांदी मिसळल्यामुळे ते लाल दिसत नाही. कड करडी, किंचित पिवळसर झाक असलेली दिसते. १९७१ नंतरच्या नाण्याचा गाभा शुद्ध तांब्याचा, म्हणून तिथे ठसठशीत तांबडा पट्टा असायला हवा. पण चकती कापताना वरचा तांबं-निकेलचा थर कडेवर ओढला जातो आणि पट्टा अर्धाअधिक झाकला जातो. त्यात तांबं काळवंडलं की तुम्ही म्हणता तशी 'धड ना तांबडी धड ना पांढरी' कड तयार होते. उलट एखादा १९६७ चा हाफ मळून तपकिरी झाला की कडेवरून साधा समजून परत जातो. म्हणून हाफ डॉलरच्या रोलमध्ये कड पाहून फक्त क्रम लावायचा आणि विसाच्या वीस नाण्यांची सालं वाचायची. डाईम आणि क्वार्टरला याची गरज नाही, कारण तिथे चलनात मधला प्रकारच आला नाही. एक तर ९० टक्के, नाहीतर शुद्ध तांब्याचा गाभा.

दिवा पांढरा घ्या आणि बाजूने पाडा. पिवळ्या बल्बखाली चांदीची कडही तांबूस वाटते. वीस नाणी पट्टीला टेकवून आडवी लावा, कड तुमच्याकडे. ९० टक्क्यांचं नाणं दोन थरांची रेघ न दाखवता सलग एकाच रंगाचं दिसतं. तो रंग पांढराच असेल असं नाही, काळाही असतो. काळी कड म्हणजे घाण असं धरून चालू नका, ते नाणं आधी उचला.

अक्षर कुठे शोधायचं तेही सांगून ठेवतो. १९६४ च्या केनेडी हाफवर 'डी' मागच्या बाजूला, गरुडाच्या ज्या पंज्यात ऑलिव्हची फांदी आहे त्याच्याजवळ. १९६५ ते ६७ अक्षरच नाही. १९६८ पासून पुढच्या बाजूला, मानेखाली, सालाच्या वर.

१७७६–१९७६: चलनातल्या नाण्यांत चांदी नाही. ४० टक्क्यांची जी पाडली ती 'एस' अक्षराची, संग्राहकांच्या सेटसाठी. त्यामुळे दुहेरी साल दिसलं की फक्त 'एस' आहे का ते पाहायचं, असला तर कड बघायची, कारण 'एस'चं साधं प्रूफही आहे. नसला तर सरळ परतीच्या ढिगात. हाच नियम पुढच्या प्रूफ हाफना: १९९२ ते २०१८ चे चांदीचे प्रूफ ९० टक्के, २०१९ पासून ९९.९ टक्के, आणि बरोबरीने साधेही पाडले जातात. 'एस' असलेला प्रत्येक हाफ थांबवून कड पाहा.

खुर्दा

ढब्बूंनी कडेचं सगळं सांगितलंय, त्यात भर घालण्यासारखं नाही. पहिल्या प्रश्नावर माझं मत असं की हाफ डॉलरचे बॉक्स मागवण्यावर लोक वेळ वाया घालवतात.

कारण पाहा. हाफ डॉलर दुकानात कोणी देत नाही, घेत नाही. २००२ पासून २०२० पर्यंत टांकसाळीने ते फक्त संग्राहकांना विकले, २०२१ पासून पुन्हा चलनासाठी सोडले. म्हणजे बँकांच्या तिजोऱ्यांतून जे हाफ फिरतात त्यांचा मोठा वाटा कुणीतरी चाळून परत भरलेला असतो. सोनाराच्या दारची माती दुसऱ्या झारेकऱ्याने आधीच धुऊन नेली असेल तर तुम्ही ती कितीही मन लावून धुवा. बॉक्समध्ये चांदी येते ती कुणीतरी वारसाने मिळालेली बरणी न पाहता बँकेत ओतली तर. ते होतं, पण ती बरणी तुमच्याच बॉक्समध्ये यायला हवी. २०२१ नंतरचे बॉक्स तर पुष्कळदा एकाच सालाच्या कोऱ्या करकरीत नाण्यांचे निघतात. पहिले दोन-तीन रोल तसे निघाले तर उरलेले कागद न फाडता परत द्या, भरायला सोपे जातात.

म्हणून बॉक्सऐवजी टेलरच्या (काउंटरवरच्या बँक कर्मचाऱ्याच्या) ड्रॉवरमधले सुटे हाफ आणि ग्राहकांनी हाताने बांधलेले रोल. हे तिजोरीच्या फेऱ्यात अजून गेलेले नसतात. विचारण्याची पद्धत साधी ठेवा: "हाफ डॉलर आहेत का? सुटे असले तरी चालतील, असतील तेवढे द्या." चांदीचा विषय काढू नका. काढलात की पुढच्या वेळी टेलर स्वतःच चाळून ठेवतो. हाफ नसतील तर ग्राहकांनी बांधलेले डाईम आणि क्वार्टरचे रोल मागा, "यंत्राने बांधलेले नकोत" हे स्पष्ट सांगून.

हाताने बांधलेला रोल ओळखायचा कसा? यंत्राचा कागद घट्ट आणि दोन्ही तोंडं गोल वळवलेली असतात. हाताच्या रोलची टोकं बोटांनी दुमडलेली, कागद सैल, कधी पेनाने खातेक्रमांक किंवा नाव लिहिलेलं. कागदाचे रंग ठरलेले आहेत: हाफ बदामी, क्वार्टर नारिंगी, डाईम हिरवा, निकेल निळा, पेनी (१ सेंट) लाल. रंग विटून गेलेला जुना कागद, त्यावर आज अस्तित्वात नसलेल्या बँकेचं नाव, असा रोल दिसला तर किंमत न विचारता घ्या. विचारायची कशाला, दहा डॉलरचा रोल दहाच डॉलरला मिळणार आहे.

धोका एकच. हाताच्या रोलमध्ये नाणी कमी असू शकतात, एखादं परदेशी नाणं किंवा चक्क वॉशरही निघतो. काउंटर सोडल्यावर बँक भरून देत नाही. हाफचा पूर्ण साधा रोल २२७ ग्रॅम अधिक कागद. एक नाणं कमी असेल तर अकरा ग्रॅम कमी भरेल, ते लगेच कळतं. पण वजनावरून आतली चांदी ओळखायला जाऊ नका. एक चांदीचं क्वार्टर पूर्ण रोलच्या वजनात ०.५८ ग्रॅमची भर घालतं, तेवढा फरक कागदाचाच पडतो. सगळा रोल ९० टक्क्यांचा असेल तरच तो २५० भरेल, आणि अशा वेळी टोकाची दोन नाणी पाहूनही कळतंच.

डाईमसाठी मात्र बॉक्स परवडतो असं माझं मत आहे. २५०० नाणी, पण सोपं काम, कारण साल वाचायचं नाही. नुसती कड. रोलच्या मध्यावर अंगठे दाबून टेबलाच्या काठावर मोडा, कागद लांबीने फाडा, नाणी एकमेकांना चिकटलेलीच ठेवून कड दिव्याकडे धरा. पन्नास तांबूस रेघांमध्ये एक पांढरी असली की ती डोळ्यात भरते. बॉक्सला २५० डॉलर अडकतात, वजन साडेपाच-पावणेसहा किलो. हाफच्या बॉक्सला ५०० डॉलर आणि अकरा किलोच्या वर. क्वार्टरचाही तेवढाच, आत २००० नाणी. क्वार्टरला बोनस म्हणून 'डब्ल्यू' अक्षर पाहा: २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीची क्वार्टर मुद्दाम चलनात सोडली होती, प्रत्येक नक्षीची वीस लाख, वर्षाला पाच नक्ष्या. चांदी नाही, पण पंचवीस सेंटपेक्षा जास्त किंमत येते. त्यासाठी मात्र छापा बघावा लागतो, कडेचा वेग जातो. दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही चुकतील.

चवली_पावली

दोघांचेही आभार. कडेचा घोळ सुटला. खुर्दा, सुट्या हाफबद्दल पटलं, पण आसपासच्या शाखांत मागणी केल्याशिवाय काहीच नसतं, म्हणून एखादा बॉक्स मागवून पाहीन.

चौथा प्रश्न तसाच राहिला. सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या मशीनमध्ये टाकली तर? आणि एकाच दिवशी मोठी रक्कम नाण्यांत भरली तर बँक संशय घेते, असं वाचलं. नेमकं काय?

नाणेघाट

सुपरमार्केटचं मशीन विसरा. रोख पावती हवी असेल तर ते दहा टक्क्यांहून जास्त कापून घेतं. ५०० डॉलरच्या बॉक्समागे पन्नासावर डॉलर गेले की सापडलेल्या ४० टक्क्यांच्या हाफची बरीचशी कमाई त्यातच जाते. त्या मशीनचा उपयोग एवढाच की त्याच्या नकाराच्या खोबणीत बोट घालून पाहावं. चांदीचं नाणं धातूच्या चाचणीत वेगळं वाटतं म्हणून मशीन ते बाहेर टाकतं, आणि लोक तिथेच सोडून जातात.

परत भरण्यासाठी खातं उघडताना आधी चौकशी करा: सदस्यांना मोफत नाणी मोजून देणारं मशीन कुठल्या क्रेडिट युनियनकडे (सदस्यांच्या सहकारी पतसंस्थेकडे) आहे? हे सापडलं तर अर्धं काम झालं. तिथेही तीन गोष्टी पाहा. मशीन हाफ डॉलर घेतं का? बरीचशी घेत नाहीत, अडकून बसतात. दुसरं, त्याची पिशवी भरली की ते मध्येच थांबतं, आणि मग कर्मचाऱ्याला बोलवावं लागतं. त्यामुळे शुक्रवार दुपार आणि महिन्याचा पहिला दिवस टाळा. तिसरं म्हणजे तुमचा आकडा आधी तयार हवा. बॉक्समधून किती नाणी काढली ते लिहून ठेवा, ५०० वजा तेवढी रक्कम, म्हणजे मशीनची पावती कमी आली तर तिथल्या तिथे बोलता येतं.

हाफसाठी मशीन नसेल तर कागदात बांधूनच द्यावे लागतात. कोरे कागद बँक बहुधा फुकट देते. वीस नाणी मोजायचा कंटाळा येत असेल तर एक पूर्ण रोल उभा ठेवा आणि त्याच्या उंचीला बाकीचे लावा, सुमारे ४३ मिलिमीटर. पूर्ण वळकटी झाल्यावर वजन करा. २२७ ग्रॅमच्या आसपास नसेल तर मोजणी चुकली.

सगळ्यात महत्त्वाचं: जिथून घेता तिथे भरू नका. एक तर तीच नाणी पुढच्या आठवड्यात तुमच्याच हातात येतील. दुसरं, शाखेने तुमच्यासाठी बॉक्स मागवला, तुम्ही तो फोडून सुटी नाणी त्यांच्याच गळ्यात मारली, तर तिसऱ्यांदा ते मागवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. घेण्याची शाखा एका बँकेची, भरण्याची दुसरीची. तुमच्याच परतीच्या रोलवर कागदावर पेन्सिलीने एक खूण करा. खुणेचा रोल परत आला तर त्या दोन शाखांचं पाणी एकाच तिजोरीतून येतंय हे कळेल. नाण्यावर मार्करने ठिपके देणारे लोक आहेत, ते करू नका.

बॉक्स मागवायचा तर शाखा ठरलेल्या दिवशी मागणी पाठवते आणि रोख वाहून नेणारी गाडी आणते. काही शाखा व्यावसायिक खातं मागतात, काही बॉक्समागे शुल्क घेतात. आधीच विचारा, कारण मागवल्यावर नको म्हणणं म्हणजे त्या शाखेचं दार कायमचं बंद.

मोठ्या रकमेचं: एका दिवसात दहा हजार डॉलरहून अधिक रोख, मग ती नाणी असोत की नोटा, भरली किंवा काढली की बँक सरकारकडे अहवाल पाठवते. त्यात काही गैर नाही, कागद भरायचा आणि घरी जायचं. गुन्हा होतो तो अहवाल टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरली तर, पैसा स्वच्छ असला तरीही. या छंदात त्या आकड्यापर्यंत पोचायला वीसहून जास्त हाफचे बॉक्स लागतात, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. फक्त "थोडं आज, थोडं उद्या, म्हणजे प्रश्न नको" असलं वाक्य टेलरपुढे चुकूनही बोलू नका.

रुपेरी_कडा

निकेलबद्दल कुणी बोललंच नाही, आणि कॅनडाबद्दलही.

निकेलला कड कुचकामी. तिथे ना खाचा, ना थर. नाणं उलटून मागची बाजू वर आणायची आणि मॉन्टिचेलोच्या (तिथे कोरलेल्या इमारतीच्या) घुमटावर पाहायचं: मोठं 'पी', 'डी' किंवा 'एस' असेल तर ३५ टक्के चांदी. १९४२ च्या ऑक्टोबरपासून १९४५ अखेरपर्यंतची ही नाणी. १९४२ ची आधीची साधीच आहेत, त्यामुळे १९४२ साल दिसलं म्हणून खूश होऊ नका, घुमट पाहा. मिश्रण ५६ टक्के तांबं, ३५ चांदी, ९ मँगनीज. मँगनीजमुळेच ती जुनी होताना हिरवट-करडी, तेलकट दिसतात. शंभर निकेल टेबलावर पसरली की ती रंगानेच वेगळी पडतात, मग फक्त ती उलटीसुलटी करून खात्री करायची. वजन ५.०० ग्रॅमच, साध्याइतकंच, म्हणजे इथेही वजनकाटा निकामी. आणि १९४४ चं निकेल मिळालं आणि घुमटावर अक्षरच नसलं तर ते बनावट आहे. पन्नासच्या दशकात न्यू जर्सीत फ्रान्सिस लेरॉय हेनिंग या माणसाने पाच सेंटची नाणी पाडली आणि घुमटावरचं अक्षर विसरला. पाच सेंटचं नाणं बनावट करणाऱ्याच्या हिशेबाचं मला अजून कोडं आहे. संग्राहक त्यालाही पैसे देतात.

कॅनडाची डाईम आणि क्वार्टर सीमेलगतच्या राज्यांत रोलमध्ये हमखास येतात. १९२० ते १९६६ ची ८० टक्के चांदीची, १९६७ ची काही ८० तर काही ५० टक्के, १९६८ ची काही ५० टक्के आणि बाकी शुद्ध निकेल धातूची. इथे लोहचुंबक कामाला येतो: निकेलचं नाणं चिकटतं, चांदीचं नाही. १९६८ चं डाईम चुंबकाला चिकटलं नाही तर ठेवून द्या. कडेवरही ती एकरंगी दिसतात, त्यामुळे खुर्दांच्या पद्धतीने डाईम चाळताना पांढरी रेघ दिसली की राणीचा चेहरा आहे का तेही बघा. पुष्कळदा साधं निकेलचं नाणं फसवतं. अमेरिकन चलनी नाणं मात्र, चांदीचं असो वा नसो, चुंबकाला चिकटत नाही, १९४३ ची पोलादी पेनी तेवढी अपवाद. ती सोडली तर तिथे चुंबक फक्त बनावट लोखंडी नाणी पकडतो.

ढब्बू_पैसा

रुपेरी, ते १९६८ चं बरोबर. एक भर: अमेरिकन १९६५ चं क्वार्टर किंवा डाईम एकरंगी कडेचं दिसलं तर आधी वजन करा. चांदीच्या उरलेल्या चकत्यांवर १९६५ चा ठसा बसल्याची मोजकी नाणी खरी आहेत आणि ती महाग जातात. क्वार्टर ६.२५ च्या जवळ भरलं तरच पुढचा विचार. ५.६७ भरलं तर कडेवर ओढलेला थर किंवा मुलामा, सोडून द्या. इथे वजनकाटा खरा कामाचा.

चवली_पावली

शेवटचा प्रश्न. समजा पंधरा-वीस नाणी जमली, तर विकायचा हिशेब कसा? आणि स्वच्छ करून न्यावीत का?

खुर्दा

स्वच्छ करू नका. पॉलिश, बेकिंग सोडा, दात घासायची पेस्ट, काहीही नाही. सामान्य सालाच्या नाण्याला त्याने वर काही मिळत नाही, आणि एखादं दुर्मीळ साल असेल तर किंमत मरते. वॉकिंग लिबर्टी, मर्क्युरी डाईम, बार्बर अशी जुनी नक्षी मिळाली तर चांदीच्या ढिगात टाकण्याआधी साल आणि अक्षर एखाद्या दरपुस्तकात पाहा. १९१६-डी मर्क्युरी डाईम वितळण्याच्या भावाने दिला तर रडायची पाळी येईल.

हिशेब: चांदीचा भाव ट्रॉय औंसावर असतो, ३१.१ ग्रॅमचा. नाण्यातली निव्वळ चांदी अशी: ९० टक्क्यांचा हाफ ११.२५ ग्रॅम (जुन्या तोळ्याला थोडी कमी), क्वार्टर ५.६, डाईम २.२५, ४० टक्क्यांचा हाफ ४.६, युद्धकाळातलं निकेल १.७५. भाव औंसाला ३० डॉलर धरला तर अनुक्रमे सुमारे १०.८५, ५.४०, २.१५, ४.४५ आणि १.७० डॉलर. आजचा भाव घालून त्याच प्रमाणात बदला. व्यापारी ९० टक्क्यांच्या नाण्यांचा हिशेब दर्शनी डॉलरवर करतात: कोऱ्या नाण्यांत डॉलरमागे ०.७२३ औंस, पण झीज धरून ०.७१५ मोजतात. ४० टक्क्यांत डॉलरमागे ०.२९५.

९० टक्क्यांना भावाच्या जवळपास मिळतं. ४० टक्क्यांना जास्त कापतात, कारण धातूचं प्रमाण कमी आणि शुद्ध करायचा खर्च तोच. निकेलला त्याहून जास्त कापतात, मँगनीज काढणं त्रासाचं. म्हणून तिन्ही वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा, मिसळून नेलीत तर सगळ्यांना खालचा दर लागतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. पीव्हीसी असेल तर वर्षा-दोन वर्षांत हिरवा चिकट थर चढतो.

वितळवण्याबद्दल विचाराल म्हणून: बंदी आहे ती साध्या पेनी आणि निकेलवर, युद्धकाळातली चांदीची निकेल त्यातून वगळली आहेत. चांदीच्या डाईम-क्वार्टर-हाफवर ती बंदी नाही. करासाठी तुमची खरेदी किंमत म्हणजे दर्शनी किंमत धरायची. वर्षापेक्षा जास्त ठेवून विकलं तर संग्राह्य वस्तूंचा दर लागतो, कमाल २८ टक्के. पावत्या जपा. बँकेची बॉक्सची पावती हाच खरेदीचा पुरावा.

चवली_पावली

झकास. शनिवारी डाईमच्या बॉक्सची मागणी नोंदवतो, आणि हाफ फक्त सुटे.

नाणेघाट

शनिवारी नको. मागणीचा दिवस शाखेचा ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या.